यंत्र ज्याच्या हातात आहे

लिनक्स कर्नलची नवी आवृत्ती साधारण नऊ-दहा आठवड्यांनी येते आणि तिच्यातल्या मोठ्या गोष्टींवर पुष्कळ लिहिलं जातं. डिसेंबर २०२२मध्ये ६.१ आवृत्तीत रस्ट भाषेला जागा मिळाली. नोव्हेंबर २०२४मध्ये ६.१२ आवृत्तीत रिअल-टाइमचं काम मुख्य कर्नलमध्ये आलं. ते वीसेक वर्षं बाहेर वाढत होतं. दोन्ही वेळी मीही ते लेख आवडीने वाचले. पण नवी आवृत्ती आली की मी आधी उघडते ती ध्वनी, वायफाय आणि टचपॅड यांच्यातल्या बदलांची यादी. तिथल्या ओळी रुक्ष असतात. अमक्या मॉडेलचा हेडसेट माइक चालू केला, तमक्या टचपॅडला झोपेतून उठल्यावर रीसेट करायची सोय केली. मी सांगली जिल्ह्यातल्या एका कॉलेजात कॉम्प्युटर लॅब सांभाळते. माझ्या लॅबमध्ये उद्याचा तास धड होणार की नाही, हे बऱ्याचदा याच ओळींवर ठरतं.

आमच्याकडे यंत्रं येतात ती टेंडरमधून. सर्वात कमी दर भरणाऱ्याचा माल येतो. मॉडेलचं नाव तेच असलं, तरी आतली वायफायची चिप, साउंडची चिप, टचपॅड हे सगळं दर खेपेला वेगळं निघू शकतं. डेलने २०१२मध्ये उबंटू घातलेला एक्सपीएस १३ विकायला काढला, लेनोवोने २०२०मध्ये थिंकपॅड फेडोरासह द्यायला सुरुवात केली. त्या यंत्रांची लिनक्सवर चाचणी कंपनीतच होते, आणि कर्नलवर काम करणाऱ्या पुष्कळांच्या टेबलावर तसलीच यंत्रं असतात. आमच्या लॅबमधली तिथे कधीच पोचत नाहीत. कर्नलमधला बहुतेक बदल आज कंपन्यांत पगारावर असलेले इंजिनिअर करतात, आणि ती माणसं हुशारही आहेत आणि मेहनतीही. पण समोर नसलेल्या यंत्राचं दुखणं त्यांना कळणार कसं? ते कळवायचं काम ज्याच्या हातात यंत्र आहे त्याचंच आहे. हार्डवेअर सपोर्ट सुधारतो तो या दोन टोकांच्या माणसांत बोलणं झाल्यावर, असं माझं इतक्या वर्षांच्या कामानंतरचं ठाम मत आहे.

कर्नल उपकरणाला नावाने ओळखत नाही, आकड्यांनी ओळखतो. पीसीआय जोडणीवरचं प्रत्येक उपकरण स्वतःची ओळख म्हणून आकड्यांची एक जोडी सांगतं: एक बनवणाऱ्या कंपनीचा, एक उपकरणाचा. इंटेलचा आकडा ८०८६ आहे. १९७८च्या त्यांच्या प्रोसेसरचं नावच त्यांनी ओळखीसाठी घेतलं. याखेरीज आणखी एक जोडी असते, ती लॅपटॉप बनवणाऱ्याने भरलेली. चिप तीच, पण ती कोणाच्या कोणत्या बोर्डावर बसली आहे, हे या दुसऱ्या जोडीवरून समजतं. कर्नलच्या एकूण ओळींपैकी निम्म्याहून जास्त ड्रायव्हरच्या आहेत आणि त्या ड्रायव्हरमध्ये ठिकठिकाणी तक्ते आहेत. अमुक आकडा दिसला तर नेहमीसारखं वागू नकोस, असं वाग, एवढंच त्यांत लिहिलेलं असतं. कर्नलवाले अशा एकेका नोंदीला क्वर्क म्हणतात. मला हे तक्ते वाचायला फार आवडतात. कुठेतरी कुणाचं तरी एक यंत्र अडलं आणि कुणीतरी ते सोडून न देता धसाला लावलं, तेव्हा त्यातली एक ओळ लिहिली गेली.

अशी एक ओळ आमच्या भाषा-लॅबमधून गेली. तिथे नव्याने आलेल्या लॅपटॉपवर मुलं हेडसेट लावून इंग्रजी संभाषणाचा सराव करायची. कानात ऐकू यायचं, पण बोललेलं रेकॉर्ड व्हायचं ते लॅपटॉपच्या स्वतःच्या माइकमधून, अख्ख्या वर्गाच्या गलक्यासकट. "मॅडम, माझ्या रेकॉर्डिंगमध्ये सगळ्यांचा आवाज येतोय, माझाच येत नाहीये," एका मुलीने तक्रार केली. ती मोठ्या धिटाईने बोलायला उभी राहिली होती आणि पुढचा तासभर नुसती बसून राहिली. मला ते लागलं. विंडोजवर तोच हेडसेट व्यवस्थित चालत होता, त्यामुळे विक्रेत्याच्या माणसाने निकाल देऊन टाकला की दोष लिनक्सचा.

इथे थोडं खोलात जायला हवं. इंटेलने २००४मध्ये आणलेल्या हाय डेफिनिशन ऑडिओ या पद्धतीत साउंडच्या चिपला बऱ्याच पिना असतात. कुठल्या पिनेला काय जोडलंय, स्पीकर, हेडफोनचा जॅक, माइक की काहीच नाही, हे चिपला आपलं आपण कळत नाही. बोर्ड बनवणाऱ्याने ते बायोसमध्ये लिहून ठेवायचं असतं, दर पिनेला बत्तीस बिटांचा एक आकडा. जॅक कोणत्या बाजूला आहे, त्याचा रंग कोणता, इथपर्यंतची माहिती त्या आकड्यात बसते. कर्नल तो वाचतो आणि खरा मानतो. आम्हालाही तो वाचता येतो, कारण कर्नल ही सगळी माहिती साध्या मजकुराच्या फायलींतून उघडी ठेवतो. त्या यंत्रावर हेक्स पद्धतीतल्या १९ क्रमांकाच्या पिनेपुढे ४१११११एफ० हा आकडा होता. साउंडचं काम केलेल्यांना तो पाठ असतो: या पिनेला काहीही जोडलेलं नाही. प्रत्यक्षात जॅकमधल्या माइकची तार तिथेच आलेली होती. विंडोजसाठी कंपनी जो ड्रायव्हर देते त्यात अशा दुरुस्त्या आधीच घातलेल्या असतात. त्यामुळे बायोसमधली नोंद चुकीची राहिली, तरी कारखान्यात कुणालाच जाणवत नाही. लिनक्स बायोसमध्ये लिहिलेलं प्रामाणिकपणे पाळत होता, आणि म्हणूनच अडत होता.

पिनेची नोंद तात्पुरती बदलून बघण्याचं एक छोटं साधन आहे. त्यातून ती पिन हेडसेटचा माइक म्हणून जाहीर केली आणि यंत्र पुन्हा सुरू केलं. रेकॉर्डिंगची पट्टी हलली. पण एवढ्यावर भागत नाही. लॅपटॉपला हल्ली एकच जॅक असतो आणि हेडसेटच्या प्लगला चार भाग असतात: डावा आवाज, उजवा आवाज, अर्थ आणि माइक. साध्या हेडफोनला माइकचा भाग नसतो. शिवाय अर्थ आणि माइक यांच्या जागांची अदलाबदल केलेले दोन प्रकार बाजारात आहेत. तेव्हा प्लग आत गेला की ड्रायव्हरने चिपला तपासायला लावायचं असतं की हा नेमका कोणता पाहुणा आलाय. सुदैवाने त्या जातीच्या चिपसाठी हे तपासणीचं काम आधीच कुणीतरी लिहून ठेवलं होतं. आमच्या यंत्राचा आकडा त्या कामाला जोडायचा होता. वेगवेगळ्या मेकचे हेडसेट मुलांकडून मागून आणून मी ते लावत-काढत बसले. एक जण तर आजोबांच्या फोनचा घेऊन आला.

शेवटी जो पॅच झाला तो जेमतेम दोन-तीन ओळींचा होता. त्याच्यासोबतचं निवेदन लिहायला जास्त वेळ लागला आणि मला वाटतं, तेच खरं काम. कोणतं यंत्र, काय चालत नाही, बायोस काय म्हणतो, खरं काय आहे, बदल केल्यावर काय काय तपासलं, हे अशा माणसाला समजलं पाहिजे ज्याने हे यंत्र पाहिलेलं नाही आणि कधी पाहणारही नाही. खाली आपल्या नावाने सही करायची. ही सहीची ओळ २००४पासून सक्तीची आहे; हा मजकूर द्यायचा मला हक्क आहे, असं त्यातून आपण जबाबदारीने सांगतो. ध्वनिविभाग ताकाशी इवाई कित्येक वर्षं सांभाळत आहेत, आणि साउंडच्या तक्त्यांतल्या असंख्य ओळी त्यांच्या नजरेखालून गेल्या आहेत. एवढ्या पसाऱ्यात आमच्या तालुक्याच्या गावातल्या लॅपटॉपची ओळ कोण बघणार, ही माझी धास्ती अनाठायी होती. ती ओळ बघितली गेली आणि घेतलीही गेली.

ती लॅबपर्यंत परत कशी आली, हेही सांगण्यासारखं आहे. बदल आधी मुख्य कर्नलमध्ये जातो, मगच जुन्या स्थिर आवृत्त्यांमध्ये उतरतो. स्थिर आवृत्तीत काय घ्यावं याचे नियम कडक आहेत: लोकांना खरोखर छळणारा दोष हवा, बदल शंभर ओळींच्या आत हवा. पण नुसता उपकरणाचा आकडा जोडायचा असेल, तर त्याला मुद्दाम परवानगी दिलेली आहे. मला हा नियम फार समंजस वाटतो. आमच्या यंत्रांवरच्या डेबियन १२मध्ये ६.१ हा दीर्घकाळ सांभाळला जाणारा कर्नल होता, त्यात अशा दुरुस्त्या येत राहतात. एका सकाळी नेहमीच्या अपडेटबरोबर आमची ओळ आली आणि मी हाताने केलेली तात्पुरती सोय सगळ्या लॅपटॉपवरून काढून टाकली. ते मॉडेल घेतलेल्या दुसऱ्या कुणालाही आता हा त्रास होणार नाही, आणि तो कधी होता हेही त्याला कळणार नाही.

सगळ्या दुरुस्त्या अशा सरळ नसतात. कधी चालू असलेली गोष्टच नव्या आवृत्तीत बंद पडते. आमच्या स्टाफरूममधल्या लॅपटॉपचं तसं झालं. झाकण मिटून उघडलं की पडदा यायचा, कीबोर्ड चालायचा, टचपॅड मात्र निपचित. आधीच्या कर्नलवर ठीक, नव्यावर बंद. दोन आवृत्त्यांमध्ये दहा-पंधरा हजार बदल असतात. त्यांतला गुन्हेगार शोधायचा कसा? लिनस टोरवाल्ड्सने २००५च्या एप्रिलमध्ये गिट हे बदलांची नोंद ठेवणारं साधन लिहिलं आणि त्यात याची युक्ती आहे. बदलांच्या बरोबर मधोमध असलेला कर्नल बांधायचा आणि चालवून बघायचा. दोष दिसला तर तो पहिल्या अर्ध्यात, नाही तर दुसऱ्यात. दर वेळी निम्मे बाद होत जातात आणि चौदाएक फेऱ्यांत एका बदलावर बोट ठेवता येतं. हिशेब सुंदर आहे. पण प्रत्येक फेरीत आख्खा कर्नल बांधायचा असतो, आणि आमच्यासारख्या यंत्रावर तो बांधायला लागला की पंखा दुपारभर घोंघावत राहतो. वापरात असलेलीच मॉड्यूल निवडून देणारी एक आज्ञा आहे, तिच्यामुळे हे काम माणसात आलं. ते करताना मला प्रोग्रामिंगपेक्षा चिकाटी जास्त लागली. फेरीगणिक झाकण मिटायचं, थांबायचं, उघडायचं, बोट फिरवायचं, आणि जे दिसलं तेच लिहायचं, मनाने काही ठरवायचं नाही.

सापडलेला बदल योग्यच होता, हे मला त्या कामातलं सगळ्यात शिकवून जाणारं वाटलं. झोपेतून उठताना सगळ्या टचपॅड आणि टचस्क्रीनना रीसेट करायची जुनी सवय ड्रायव्हरमधून काढली होती. आयस्क्वेअरसी जोडणीवरच्या अशा उपकरणांचं जे मानक आहे त्यात हा रीसेट मागितलेलाच नाही, आणि काही टचस्क्रीन त्यामुळे उलट बिघडत होते. म्हणजे कुणाच्या तरी हातातल्या यंत्रासाठी केलेली दुरुस्ती माझ्या हातातल्या यंत्राला नडली होती. दोघांनाही सामावून घ्यायचा मार्ग एकच: सर्वसाधारण वागणूक मानकाप्रमाणे, आणि ज्यांना रीसेट लागतोच त्यांचे आकडे अपवादाच्या तक्त्यात. मी निकाल कळवला. बदल लिहिणाऱ्या इंजिनिअरने टाळाटाळ केली नाही, 'तुमचं यंत्रच विचित्र' असंही म्हटलं नाही. कर्नलमध्ये चालू असलेलं काही मोडलं तर ते मोडणाऱ्याने निस्तरायचं, हा टोरवाल्ड्सचा जुना आणि कठोर नियम आहे. त्याने एक पॅच धाडला आणि विचारलं, चालवून सांगाल का? त्याच्याकडे टचपॅड नव्हता, माझ्याकडे त्याच्याइतकं ज्ञान नव्हतं. मी चालवून सांगितलं. अंतिम बदलाच्या खाली दोन ओळी आल्या, कळवणारी म्हणून आणि तपासणारी म्हणून माझं नाव. पदवीच्या प्रमाणपत्रापेक्षा मला त्याचा आनंद जास्त झाला, हे मी कुणाला फारसं सांगितलेलं नाही.

वायफायचा इतिहास जास्त खडतर आहे. ब्रॉडकॉमच्या चिपसाठी एके काळी काही स्वयंसेवकांनी उपलब्ध ड्रायव्हरचं वागणं अभ्यासून चिपचं वर्णन लिहून काढलं, आणि निराळ्या लोकांनी ते वर्णन वाचून ड्रायव्हर लिहिला, म्हणजे नक्कल केल्याचा आरोप येऊ नये. तो २००६मध्ये कर्नलमध्ये आला. कंपनीने स्वतः मुक्त ड्रायव्हर दिला तो सप्टेंबर २०१०मध्ये. आमच्याकडच्या स्वस्त लॅपटॉपमध्ये दिसते ती रिअलटेकची ८८२१सीई ही चिप. तिचा आधार ऑक्टोबर २०२०च्या ५.९ आवृत्तीत मुख्य कर्नलमध्ये आला. त्याआधी बाहेरून आणलेला ड्रायव्हर दर अपडेटनंतर नव्याने बांधावा लागे. कर्नल आपल्या आतल्या जोडण्या हव्या तेव्हा बदलतो. बदलणारा कर्नलमधले सगळे ड्रायव्हर स्वतः जुळवून घेतो, बाहेरच्यांची जबाबदारी मात्र कुणावरच नसते. म्हणून ड्रायव्हर 'आत' येणं हे नुसतं सोयीचं नाही, त्याच्या आयुष्याचा प्रश्न आहे. डेबियननेही २०२२मध्ये मतदान घेऊन अशा चिपना लागणारं फर्मवेअर इन्स्टॉलरमध्येच घालायचं ठरवलं आणि जून २०२३च्या १२व्या आवृत्तीपासून ते आलं. ते फर्मवेअर मुक्त नाही, याचं दुःख असणाऱ्यांचं म्हणणं मला पटतं. तरीही खेड्यातल्या शाळेत, जिथे नेटची केबलच नाही, तिथे वायफाय पहिल्या मिनिटाला जोडलं गेलं म्हणून मी त्या मतदानाची ऋणी आहे.

आधार काढूनही घेतला जातो. टोरवाल्ड्सने १९९१मध्ये ज्या ३८६ प्रोसेसरवर लिनक्स लिहिला, त्याचाच आधार २०१३च्या ३.८ आवृत्तीत गेला. ऑगस्ट २०२५मध्ये आलेल्या डेबियन १३ची बत्तीस बिटांच्या जुन्या पीसीसाठी स्वतंत्र आवृत्ती निघाली नाही. आसपासच्या शाळांत तसले पीसी मी स्वतः लावून दिले होते, आणि तिथल्या गुरुजींना हे सांगताना जड गेलं. पण ज्या यंत्रावर नवा कर्नल चालवून बघणारं कोणी उरलेलं नाही, त्याचा आधार कागदावर ठेवून उपयोग काय? तो मोडलेला असेल आणि कुणाला ठाऊकही नसेल. चौसष्ट बिटांच्या यंत्रांचं मात्र याच्या उलट झालंय. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा आधार संपला आणि विंडोज ११च्या अटींत न बसणारे धडधाकट पीसी कार्यालयांतून बाहेर पडू लागले. ते शाळांना मिळतायत, आणि लिनक्सवर ते अजून बरीच वर्षं चालतील.

आता मी टेंडरच्या आधीच नमुन्याचं यंत्र मागून घेते. पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवते, उपकरणांचे आकडे, पिनांच्या नोंदी, झोपेतून उठल्यावर काय चालतं आणि काय नाही, सगळं फाइलमध्ये उतरवते. ती फाइल शेजारच्या कॉलेजांनाही देते. तिसऱ्या वर्षाच्या काही मुलांना हे जमायला लागलंय. गिटच्या फेऱ्या तर ती माझ्यापेक्षा झपाट्याने उरकतात.

यंदाच्या नमुन्यात कॅमेरा चालत नाही. इंटेलच्या काही नव्या लॅपटॉपमध्ये कॅमेरा यूएसबीवर नसतो, तो थेट प्रोसेसरच्या चित्रविभागाला जोडलेला असतो आणि कच्चं चित्र देतो. त्या विभागाचा आयपीयू६ हा ड्रायव्हर २०२४च्या ६.१० आवृत्तीत आला, पण प्रत्येक जातीच्या सेन्सरला स्वतःचा ड्रायव्हर लागतो, आणि कच्च्या चित्राला रंगरूप देण्याचं काम लिबकॅमेरा नावाच्या वेगळ्या प्रकल्पात चालतं. आमच्या सेन्सरचा ड्रायव्हर कर्नलमध्ये आहे. त्याला वीज कोणत्या तारेवरून मिळते, याची बायोसमधली नोंद अपुरी आहे. ती नोंद काढून मी गेल्या आठवड्यात पाठवली. तपासायचा पॅच आला की मुलांना शनिवारी बोलावणार आहे.